झाडाची नाडी पाहणारा डॉक्टर

वैद्यकीय पदवी घेतलेल्या माणसाने आयुष्यभर झाडांचे रोग तपासावेत, हे ऐकायला थोडे विचित्र वाटते. सर एडविन जॉन बटलर यांनी नेमके तेच केले. भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून कृषी महाविद्यालयांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. तुरीची मर आणि उसाची लाल कूज हे रोग सोलापूर जिल्ह्यात कोणालाही नवीन नाहीत. भारतात त्या दोन्हींचा शास्त्रशुद्ध अभ्यास शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बटलर यांनी केला. कुर्डुवाडीतल्या एखाद्या अंगणातले लिंबाचे झाड अचानक सुकू लागते, तेव्हा काय पाहावे आणि काय करू नये, हेही त्यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्की या समुद्रकाठच्या गावी झाला. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजमधून १८९८ साली ते डॉक्टर झाले. पण तिथेच प्राध्यापक मार्कस हार्टोग यांच्या सहवासात पाण्यात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या सूक्ष्म बुरश्यांची त्यांना गोडी लागली. दवाखाना थाटण्याऐवजी ते फ्रान्स आणि जर्मनीत जाऊन बुरशीशास्त्र शिकले. १९०१ साली ते भारत सरकारच्या सेवेत रुजू झाले, पुढे डेहराडूनला गेले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत काम करू लागले. पेशा बदलला, पण सवय डॉक्टरचीच राहिली. आधी रोग्याला नीट पाहायचे, मग कारण शोधायचे आणि उपचाराचा विचार त्यानंतर करायचा.

या सवयीची परीक्षा लवकरच झाली. कूर्ग भागात चंदनाची झाडे एका विचित्र रोगाने मरत होती. नवी पाने बारीक आणि ताठ येत, फांद्या झाडूसारख्या दिसू लागत आणि काही काळात झाड वाळून जाई. चंदन म्हणजे सरकारी उत्पन्नाचा मोठा स्रोत, त्यामुळे उत्तराची घाई होती. बुरशी हा बटलर यांचा स्वतःचा विषय. एखाद्या बुरशीवर ठपका ठेवून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते. पण तपासात बुरशी हे कारण ठरले नाही आणि त्यांनी ते ठरवलेही नाही. हा संयम योग्य होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. १९६९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या चंदनात फायटोप्लाझ्मा नावाचे, पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जीव दिसले. रस शोषणाऱ्या किडी त्यांचा प्रसार करतात. बटलर यांच्या काळात ते दिसण्याचे साधनच नव्हते.

गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील ताडांच्या रोगाचे कारण मात्र त्यांना सापडले. ताडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो कुजला की उंच, धट्टाकट्टा दिसणारा ताडही मरतो. ही कूज एका बुरशीसदृश जिवामुळे होते आणि रोगट शेंड्यातून ती शेजारच्या झाडांवर जाते, हे बटलर यांनी दाखवले. त्यानंतर रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. ज्यांचे पोट त्या झाडांवर होते, त्यांना ते तोडणे जड गेले असणारच. पण उशीर केला असता तर सगळी बागच गेली असती.

तुरीच्या मर रोगात त्यांनी वेगळीच गोष्ट उलगडली. शेतात ओल असते, तरी झाड तहानेने सुकल्यासारखे माना टाकते. खोडाची साल सोलली तर आत काळपट रेषा दिसतात. जमिनीतली बुरशी बारीक मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या निकामी करते. माणसाच्या रक्तवाहिनीत अडथळा यावा, तसाच हा प्रकार. १९१० साली बटलर यांनी या बुरशीला शास्त्रीय नाव दिले. असा रोग पानांवर फवारून बरा होत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. पिकाची फेरपालट आणि रोगाला दाद न देणारे वाण हेच त्यावरचे खरे उपाय ठरले.

पुसा येथे बटलर यांनी भारतीय सहकाऱ्यांची एक फळी तयार केली. त्यांपैकी जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ साली एरंडावरील एका रोगाचा अभ्यास करताना फायटोफ्थोरा गटातील एक नवी जात नोंदवली. दस्तूर पुढे नागपूरला मध्य प्रांताचे बुरशीशास्त्रज्ञ झाले. त्यांनी नोंदवलेली हीच जात लिंबू, मोसंबी आणि संत्र्याच्या डिंक्या रोगाचे एक प्रमुख कारण आहे. पुसाच्या प्रयोगशाळेतले हे काम असे थेट आपल्या परसातल्या लिंबापर्यंत येऊन पोहोचते.

म्हणूनच घरच्या झाडाची तपासणीही याच क्रमाने करावी. पाने पिवळी पडली म्हणजे कीड लागली, असे नसते. सोलापूर जिल्ह्यात चुनखडीच्या जमिनी बऱ्याच आहेत. अशा जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा झाडाला लोह मिळत नसते. माणसाच्या रक्तक्षयासारखीच ही स्थिती, त्यावर कीटकनाशकाचा काय उपयोग? पाने चिकट आणि वरून काजळी धरल्यासारखी काळी दिसली, तर ती उलटून पाहावीत. मावा, खवले कीड किंवा पांढरा पिठ्या ढेकूण सापडेल. काळी बुरशी त्यांच्या गोड स्रावावर वाढते आणि मुंग्याही त्यासाठीच येतात. लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके असतील, तर तो जिवाणूंमुळे होणारा खैऱ्या असू शकतो. पेरूच्या किंवा आंब्याच्या खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला, तर आत अळी आहे. बुंध्यातून डिंक गळत असेल आणि तिथली साल कुजली असेल, तर डिंक्याची शंका घ्यावी.

उपायही कारणाप्रमाणे बदलतो. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. पिठ्या ढेकणाने भरलेल्या फांद्या छाटून नष्ट कराव्यात. भोकातली अळी तारेने काढावी. डिंक्यात रोगट साल स्वच्छ चाकूने खरवडून तिथे बोर्डो मलम लावावे आणि पाणी बुंध्याला लागणार नाही, असे आळे करावे. या मलमासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एक लीटर पाण्यात एकत्र करतात. लोखंडी भांडे वापरू नये आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मोरचूद विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

शेतातले उरलेले कीटकनाशक घरच्या झाडावर मारण्याची चूक तर अजिबात करू नये. कढीपत्ता आज फवारला आणि उद्या फोडणीत पडला, तर विष थेट ताटात येते. असे औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवणे त्याहून घातक, कारण चुकून ते प्यायल्याने माणसे दगावतात. झाडाचा रोग ओळखता आला नाही, तर रोगट फांदी, पाने आणि बुंध्याचे फोटो घेऊन कृषी विभागाच्या कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जावे. डाळिंबासाठी तर सोलापुरातच राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे.

बटलर यांनी भारतातील कामाचा निचोड १९१८ साली पिकांच्या बुरशीजन्य रोगांवरील ग्रंथात मांडला. १९२० साली ते लंडनजवळील क्यू येथे नव्या बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३९ साली 'सर' हा किताब त्यांना मिळाला. ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळात सुरू झालेला बुरश्यांच्या हजारो नमुन्यांचा संग्रह १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पुसाची संस्था दिल्लीला हलली तेव्हा तिच्याबरोबर गेला आणि आजही अभ्यासासाठी वापरला जातो. प्रत्येक नमुन्याबरोबर तो कोणत्या झाडावर, कुठे आणि केव्हा मिळाला, याची नोंद आहे. घरच्या झाडासाठीही एवढी नोंद एका वहीत ठेवली, की पुढच्या पावसाळ्यात तोच रोग पुन्हा आला तर तो लवकर ओळखता येतो आणि झाड वाचण्याची शक्यता वाढते.