सवय मेंदूला होते, हाडांना नाही

सातपाटीच्या बंदरात वयस्क तांडेलांजवळ इंजिनाचा विषय काढला, की गोष्ट बहुधा एकाच वळणाने जाते. शिडाच्या होडीत पहिल्यांदा डिझेल इंजिन बसले, तेव्हा त्याचे केवढे अप्रूप होते! वारा पडला तरी होडी वेळेवर बंदराला लागे, मासळी ताजी येई. काही हंगाम गेले आणि तो वेग रोजचा झाला. मग दोन सिलिंडरच्या जागी चार आले, चाराच्या जागी सहा. नवे इंजिन बसले की थोडे दिवस समाधान, नंतर पुन्हा शेजारची होडी आपल्यापेक्षा जोरात जाते असे वाटू लागते.

नवी मोटारसायकल घेणाऱ्या तरुणाचे असेच होते आणि लाखो रुपयांची स्पोर्ट्स कार घेणाऱ्याचेही. पहिल्या आठवड्यात छाती धडधडवणारा वेग दोन-तीन महिन्यांत मिळमिळीत वाटतो. गाडीत बिघाड झालेला नसतो. बदल झालेला असतो तो चालवणाऱ्याच्या मेंदूत. हा बदल एखाद्या माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे सर माल्कम कॅम्पबेल यांच्या आयुष्यात आकड्यांनिशी पाहायला मिळते.

कॅम्पबेल यांचा जन्म ११ मार्च १८८५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडिलांचा हिऱ्यांचा व्यापार. मुलाने तोच पुढे चालवावा म्हणून त्याला धंदा शिकायला जर्मनीत पाठवण्यात आले. तिथे त्याला मोटारसायकलचा नाद लागला, तो कायमचाच. परतल्यावर त्यांनी सलग तीन वर्षे मोटारसायकलच्या शर्यती जिंकल्या. १९१० पासून ते लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर मोटारी पळवू लागले. मॉरिस मेटरलिंक यांच्या नाटकावरून त्यांनी आपल्या गाडीला ‘ब्लू बर्ड’, म्हणजे निळा पक्षी, हे नाव दिले आणि तिला निळा रंग लावला. पुढे त्यांची प्रत्येक विक्रमी गाडी त्याच नावाची झाली. पहिल्या महायुद्धात ते आधी मोटारसायकलवरून निरोप पोहोचवत, नंतर विमाने चालवू लागले.

युद्ध संपल्यावर शर्यतीतल्या नेहमीच्या गाड्या त्यांना पुरेनाशा झाल्या. विमानाचे इंजिन बसवलेली ३५० अश्वशक्तीची सनबीम गाडी त्यांनी बनवणाऱ्यांच्या मागे लागून विकत घेतली. एवढी गाडी पळवायला रस्ता कुठला? त्यासाठी समुद्रकिनारा लागे. ओहोटीनंतर घट्ट झालेली, मैलोगणती सपाट वाळू. अशा वाळूवर सायकल किती सुरेख पळते, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

१९२४ साली डेन्मार्कमधील फानो बेटाच्या किनाऱ्यावर विक्रमाचा प्रयत्न चालू असताना या गाडीचा टायर निसटला आणि प्रेक्षकांत घुसला. त्यात एक मुलगा दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेल्समधील पेन्डाइनच्या वाळूवर कॅम्पबेल यांनी जमिनीवरील वेगाचा विक्रम केला : ताशी २३५ किलोमीटर. पुढच्याच वर्षी त्याच गाडीने त्यांनी ताशी २४२ किलोमीटर गाठले. फरक फक्त सात किलोमीटरचा.

इथून पुढचा हिशेब डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. १९२७ मध्ये सुमारे ५०० अश्वशक्तीचे नवे इंजिन आणि ताशी २८१ किलोमीटर. १९२८ मध्ये सुमारे ९०० अश्वशक्ती आणि ३३३ किलोमीटर. १९३१ मध्ये अमेरिकेतील डेटोनाच्या किनाऱ्यावर सुमारे १,४५० अश्वशक्ती आणि ३९६ किलोमीटर. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. माणसाने इथे थांबावे असे कुणालाही वाटेल. १९३२ मध्ये ते ४०८ वर गेले. १९३३ मध्ये गाडीत रोल्स-रॉइसचे सुमारे २,३०० अश्वशक्तीचे विमानाचे इंजिन बसले आणि वेग झाला ४३८. म्हणजे ताकद निम्म्याहून अधिक वाढवली, तरी वेग शंभरामागे जेमतेम सात वाढला.

यात इंजिनाचा दोष नव्हता. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो पार करायला आठपट ताकद लागते. कॅम्पबेल यांनी ताकद साडेसहापट वाढवली, गाडीचा आकार माशासारखा निमुळता केला, तेव्हा कुठे अकरा वर्षांत वेग दुपटीच्या थोडा वर गेला. पाणी तर हवेपेक्षा कितीतरी दाट. शिवाय होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते. म्हणून दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले तरी होडी दुप्पट वेगाने जात नाही. डिझेलचा खर्च मात्र वाढतो.

आता मेंदूकडे वळू. गंमत अशी की शरीरात वेग मोजणारे असे एकही इंद्रिय नाही. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांना डोके वळल्याचे कळते. त्यांच्याच शेजारी चुन्याच्या अतिसूक्ष्म खड्यांनी भारलेल्या दोन पिशव्या असतात, त्यांना वेगातला बदल कळतो. गाडी सुटताना पाठ सीटला टेकते, ती जाणीव इथली. एकदा वेग स्थिर झाला की ही यंत्रणा गप्प होते. मग उरतात डोळे. पण बाजूने झाडे-घरे सतत मागे धावत राहिली की हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशींचा प्रतिसादही मंदावतो. म्हणूनच महामार्गावर तासभर ताशी शंभरने गाडी चालवून मनोरला पालघरकडे वळणाऱ्याला साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि त्याच भ्रमात तो वाघोबा खिंडीची वळणे घेतो.

दुसरी गोष्ट एकोणिसाव्या शतकातच लाइपझिग येथील वैद्यकाचे प्राध्यापक एर्न्स्ट वेबर यांनी वजने उचलायला लावून दाखवून दिली होती. फरक जाणवण्यासाठी तो मुळातल्या मापाच्या ठराविक प्रमाणात असावा लागतो. ताशी ४० ला दहा किलोमीटर वाढले तर लगेच कळतात. २०० ला तेच दहा कळतही नाहीत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आनंदाचा हिशेब. डोपामिन हे मेंदूतले रसायन नुसत्या सुखाला दाद देत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर ते उसळते. जेवढे अपेक्षित तेवढेच मिळाले की ते जागचे हलत नाही. कालचा विक्रम ही आजची अपेक्षा असते.

१९३५ च्या मार्चमध्ये कॅम्पबेल यांनी डेटोनाला ४४५ किलोमीटर गाठले. पण त्यांच्या डोक्यात ताशी ३०० मैलांचा, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरचा आकडा बसला होता. किनाऱ्यावरची वाळू आता या गाडीला पुरत नव्हती. चाके जागीच फिरत. मग ते अमेरिकेतील बॉनव्हिलच्या विस्तीर्ण मिठाच्या मैदानावर गेले. ३ सप्टेंबर १९३५. नियमाप्रमाणे जाताना आणि येताना अशा दोन फेऱ्यांची सरासरी धरली जाते. पहिल्या फेरीच्या शेवटी गाडीचा पुढचा टायर फुटून पेटला. चाके बदलून त्यांनी दुसरी फेरी केली. आधी निकाल जाहीर झाला तो तीनशे मैलांना किंचित कमी, ताशी ४८२.६ किलोमीटर. जगात कुणीही जमिनीवर इतक्या वेगाने गेलेले नव्हते आणि कॅम्पबेल यांचा विरस झाला होता. त्यांनी पुन्हा मैदानात उतरण्याची तयारी ठेवली. मग वेळ मोजण्यातली चूक सापडली आणि खरा आकडा निघाला ४८४.६. जेमतेम दोन किलोमीटरचा फरक. कुठल्याही माणसाच्या कानाला, डोळ्याला किंवा कातडीला तो कळला नसता. समाधान मात्र त्या दोन किलोमीटरांत अडकले होते.

पन्नाशीला आलेले कॅम्पबेल यानंतर जमिनीवरून पाण्यावर गेले. १९३७ मध्ये त्यांनी नौकेतून ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केला, १९३९ मध्ये इंग्लंडच्या कॉनिस्टन तलावावर २२८ किलोमीटरचा. युद्धानंतर त्या नौकेला जेट इंजिनही लावून पाहिले. ३१ डिसेंबर १९४८ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, पक्षाघाताच्या एकामागून एक आलेल्या झटक्यांनी ते गेले. त्यांच्या जोडीच्या अनेकांना असे घरचे मरण लाभले नाही. पेन्डाइनला कॅम्पबेल यांनी १९२७ मध्ये विक्रम केल्यावर महिन्याच्या आत तो परत मिळवायला निघालेले पॅरी-थॉमस त्याच वाळूवर मारले गेले. हेन्री सीग्रेव्ह १९३० मध्ये विंडरमिअर तलावावर नौका उलटून गेले.

माल्कम यांचा मुलगा डोनाल्ड १९२१ चा. निळ्या गाड्या पाहतच तो वाढला. वडील गेल्यावर काही महिन्यांतच त्याने त्यांची जुनी नौका बाहेर काढली आणि वडिलांचे मेकॅनिक लिओ व्हिला यांना सोबत घेतले. १९५५ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल यांनी पाण्यावर ताशी ३२५ किलोमीटरचा विक्रम केला. नंतर १९५९ पर्यंत एक-एक पायरी चढत तो ४१९ वर नेला. १९६० मध्ये बॉनव्हिलला मोटारीच्या अपघातात त्यांच्या कवटीचे हाड मोडले. चार वर्षांनी ते ऑस्ट्रेलियात जमिनीवर ताशी ६४८ किलोमीटरने गेले आणि त्याच वर्षअखेरीस पाण्यावर ४४४ ने. एकाच वर्षात हे दोन्ही विक्रम करणारा दुसरा माणूस झालेला नाही.

तरीही पाण्यावरचे तीनशे मैल राहिले होते. वडिलांनी जमिनीवर गाठलेला तोच आकडा. त्यासाठी नौकेत जास्त ताकदीचे ऑर्फियस जेट इंजिन बसवले गेले. १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलाने वापरलेल्या नॅट विमानांत असे, त्याच जातीचे. ४ जानेवारी १९६७ च्या सकाळी कॉनिस्टन तलावावर पहिली फेरी ताशी ४७९ किलोमीटरची झाली. थोडे कमी पडत होते. परतीची फेरी त्यांनी लगेच सुरू केली. वेग ५०० च्या पुढे गेला, नौकेची नाळ पाण्यावरून उचलली गेली, ती हवेत उलटली आणि पाण्यावर आदळून फुटली. लिओ व्हिला त्या सकाळीही तिथेच होते. डोनाल्ड यांचा मृतदेह तळातून वर आला तो २००१ मध्ये, ३४ वर्षांनी.

एवढ्या कुशल माणसांच्या शरीरात सवय नेमकी कशाला झाली होती? भीतीला, रोमांचाला, वेगाच्या जाणिवेला. बाकी शरीराला सवय नावाची गोष्ट ठाऊक नाही. अचानक समोर काही आले तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. सरावाने तो थोडा घटतो, संपत नाही. ताशी ६० ने एका सेकंदात गाडी १७ मीटर पुढे जाते, १०० ने २८ मीटर. बॉनव्हिलच्या मैदानावर माल्कम एका सेकंदात १३४ मीटर जात होते. धडकेतली ऊर्जा तर वेगाच्या वर्गाने वाढते. साठचे एकशेवीस झाले की हाडांवर पडणारा भार दुप्पट नाही, चौपट. गाडी थांबली तरी आतले अवयव पुढे जातच राहतात. मेंदू कवटीवर आपटतो, प्लीहा फाटते, हृदयातून निघणारी महारोहिणी छातीत तुटते. दहा वर्षे गाडी चालवणाऱ्याची प्लीहा नवशिक्यापेक्षा घट्ट झालेली नसते.

म्हणून वेगाच्या बाबतीत स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये, काट्याकडे पाहावे. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागताना दोन मिनिटे थांबावे, चहा घ्यावा, म्हणजे डोळ्यांवरची वेगाची झापड उतरते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावावा. न लावलेले हेल्मेट धडकेत डोक्याआधी निघून जाते. गाडीत मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावावा. घरातला मुलगा सहा महिन्यांपूर्वीची मोटारसायकल हळू जाते म्हणून मोठी मागू लागला, तर त्याला रागवण्याआधी हे कसे होते ते समजावून सांगावे. मोठ्या गाडीचा वेगही सहा महिन्यांत असाच जुना होणार, हे त्याला आधी कळलेले बरे.

कॅम्पबेल पितापुत्रांनी आपला धोका स्वतः पत्करला होता. फानोच्या किनाऱ्यावर गर्दीत उभ्या असलेल्या त्या मुलाने काहीच पत्करलेले नव्हते. पालघरहून शिरगावमार्गे सातपाटीला येणाऱ्या रस्त्यावर शाळा सुटल्यावर मुले चालत असतात, कडेला मासळीची पाटी घेऊन बायका बसलेल्या असतात. गाडी चालवणाऱ्याला तिच्या वेगाची कितीही सवय झालेली असो, त्यांना ती झालेली नसते.