काळ्या पाण्यावरून परतलेला मौलाना

रमजानचा महिना तीन अशऱ्यांत, म्हणजे दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत मोजायची रीत आहे. पहिला अशरा कृपेचा, दुसरा मगफिरतीचा म्हणजे माफीचा, तिसरा नरकाग्नीतून सुटकेचा. कुरआन जिला अवघड चढणीची वाट म्हणतो, त्या वाटेवर सर्वांत आधी नाव येते ते गुलामाची मान मोकळी करण्याचे. माफी आणि सुटका हे शब्द या दिवसांत घराघरांत ऐकू येतात. म्हणूनच अठरा वर्षे काळ्या पाण्यावर काढून माफीवर सुटलेल्या एका माणसाची आज आठवण. त्याचे नाव मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी.

नाशिककरांना अंदमान म्हटले की भगूरचे सावरकर बंधू आणि सेल्युलर जेल आठवते. ते जेल 1906 मध्ये पुरे झाले. जाफर तिथे पोहोचले तेव्हा त्याची एक वीटही रचलेली नव्हती. 1857 च्या बंडातल्या कैद्यांसाठी इंग्रजांनी 1858 मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत उभी केली होती. जंगल, पाऊस, ताप आणि समुद्र याच तिथल्या भिंती.

जाफर यांचा जन्म 1838 चा, थानेसरचा, म्हणजे कुरुक्षेत्राच्या परिसरातला. तरुणपणी कोर्टकचेरीत अर्ज लिहून देण्याचे काम ते करीत. कायद्याची भाषा त्यांना पाठ होती. गावात मान होता, लंबरदारी होती. पण आतून ते सय्यद अहमद बरेलवींच्या पंथाचे होते. वायव्य सरहद्दीवर इंग्रजांशी लढणाऱ्या त्यांच्या अनुयायांना हिंदुस्थानातून पैसा आणि माणसे गुपचूप पोहोचविण्याच्या कामात त्यांचा हात होता. 1863 मध्ये सरहद्दीवर लढाई पेटली आणि त्याच सुमारास ही साखळी पोलिसांच्या हाती लागली. घराची झडती झाली, जाफर निसटले आणि अलीगढला पकडले गेले.

1864 मध्ये अंबाल्याला खटला चालला. आरोपी अकरा. मे महिन्यात निकाल लागला. मौलाना याह्या अली, मुहम्मद शफी आणि जाफर यांना फाशी, बाकीच्यांना जन्मठेप काळे पाणी. निकाल ऐकून हे कैदी खचले नाहीत. शहादत मिळणार या आनंदात ते कोठडीत दिवस काढू लागले. सरकारने विचार केला, की ज्यांना मरण हवेच आहे त्यांना ते देऊन शिक्षा कसली? फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. त्यात दया किती आणि हिशेब किती, हे वाचकांनीच ठरवावे.

मग बेड्या घालून प्रवास सुरू झाला. लाहोर, मुलतान, कराची आणि तिथून समुद्रमार्गे मुंबई. आपल्या ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगातही त्यांना काही दिवस ठेवले होते. 11 जानेवारी 1866 रोजी जहाज पोर्ट ब्लेअरला लागले.

तिथे त्यांची लेखणी कामी आली. वसाहतीला शिपायांइतकीच मुन्शींची गरज होती. बेड्या निघाल्या आणि ते कचेरीत कारकून झाले. पुढे इंग्रजी शिकले, इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवू लागले. त्या वसाहतीचा कायदाच असा होता, की ठरावीक वर्षे चांगली वागणूक ठेवली की कैद्याला मोकळिकीचा परवाना मिळे. मग तो शेती करी, कमाई ठेवी, कैदी स्त्रीशी लग्नही करू शके. मात्र बेटाबाहेर पाऊल टाकता येत नसे. जाफर यांची पहिली पत्नी मुलुखातच राहिली होती. बेटावर त्यांनी एका काश्मिरी कैदी स्त्रीशी निकाह केला. ती वारल्यावर अल्मोड्याकडच्या दुसरीशी. मुलेबाळे झाली. तुरुंगातच घर झाले.

याह्या अली 1868 मध्ये तिथेच गेले. 1872 मध्ये शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला, तेव्हा संशयाची सावली या पंथाच्या सर्वच कैद्यांवर पडली. 1877 मध्ये व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याच्या आनंदात देशभर हजारो कैदी सुटले, पण जाफर यांची पाळी आली नाही. राज्याविरुद्धचा गुन्हा चोरी-दरोड्याच्या तराजूत मोजला जात नव्हता.

ती पाळी आली उदारमतवादी लॉर्ड रिपन यांच्या काळात. त्यांच्या सरकारने या खटल्यांतल्या उरलेल्या कैद्यांना सोडण्याचे ठरविले आणि नोव्हेंबर 1883 मध्ये जाफर पत्नी-मुलांसह बेट सोडून निघाले. पंचविशीत बेड्या पडलेला माणूस पंचेचाळिशीत परतत होता. अंबाल्याला आल्यावरही काही काळ पोलिसांची नजर त्यांच्यावर होती.

पुढे त्यांनी आपली हकिकत लिहिली. ‘काला पानी’ या नावाने ती ओळखली जाते आणि अंदमानच्या कैदेवरचे ते उर्दूतले आद्य आत्मकथन मानले जाते. सय्यद अहमदांचे चरित्रही लिहिले. त्यात मात्र इंग्रजांविषयीचा सूर मवाळ आहे. गुरूंचा लढा इंग्रजांशी नव्हे, शिखांशी होता, असे दाखविण्याकडे त्यांचा कल दिसतो. अभ्यासकांनी त्यावर पुढे आक्षेप घेतला. तो आक्षेप योग्यच आहे. पण ज्या सरकारने फाशी दिली, ती मागे घेतली, अठरा वर्षे कोंडले आणि मग सोडले, त्याच सरकारच्या नजरेखाली तो माणूस लिहीत होता, हेही विसरू नये.

1905 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सोबती अंदमानच्या मातीत राहिले. राजाची माफी कागदावर येते. तिला अटी असतात आणि तिची आठवण सुटलेल्याला जन्मभर करून दिली जाते. रमजानच्या रात्री बंदा ज्या माफीसाठी हात उचलतो, तिच्यामागे पोलीस ठेवलेला नसतो. आपण एखाद्याला माफ करतो तेव्हा ती या दोन्हींपैकी कोणती असते, हे इफ्तारला बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या मनाला विचारायला हरकत नाही.