तापाने घर रिकामं केलं तेव्हा

मैत्रिणींनो, पावसाची झड लागली की आपल्या घरातलं बोलणं कसं बदलतं बघा. कुणाला गारठा बाधतो, कुणाला वारं लागतं, कुणाला सर्दगरम होतं. बाहेरच्या हवेचा अंगातल्या दुखण्याशी संबंध आपल्याकडे आयुर्वेदाने ऋतुचर्येत सांगितला. चीनमध्येही तो फार पूर्वीपासून मानला गेला. तिथे या एका विषयासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या वैद्य झांग झोंगजिंग यांची ही कहाणी.

त्यांचा जन्म इ. स. 150 च्या सुमारास, आजच्या हेनान प्रांतातल्या नानयांग भागात झाला. हान घराण्याचं राज्य तेव्हा मोडकळीला आलं होतं. इ. स. 184 मध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, मग लढाया, उपासमार आणि पाठोपाठ तापाच्या साथी. झांग यांनी आपल्याच भागातल्या झांग बोझू या वैद्यांकडे विद्या घेतली.

त्यांचं कुळ मोठं, दोनशेच्या वर माणसं. इ. स. 196 नंतरच्या दहा वर्षांच्या आतच त्यातली दोन तृतीयांश माणसं गेली. गेलेल्या दर दहांपैकी सात जण तापाने गेले. हे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय. कल्पना करा, काका, चुलतभाऊ, लेकरंबाळं एकामागून एक जाताहेत आणि घरात वैद्य असून हात बांधलेले! दुसरा एखादा नशिबाला दोष देत बसला असता. झांग मात्र जुने ग्रंथ घेऊन बसले, ठिकठिकाणचे उतारे गोळा केले आणि सोळा भागांचा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थ साधारण असा, थंडीची बाधा आणि इतर आजार. त्यात त्यांनी वैद्यांनाही सोडलं नाही. धड नाडी न बघता घाईघाईने औषध देणारे आणि मानमरातबाच्या मागे धावणारे, पण दुखणं आलं की मांत्रिकापुढे हात जोडणारे, दोघांवरही ते चिडले आहेत.

चिनी वैद्यकात बाहेरून येणारी आजाराची सहा कारणं मानतात: वारा, थंडी, उन्हाळ्याची काहिली, ओल, कोरडेपणा आणि आग. ऋतूप्रमाणे ही असायचीच, पण ती प्रमाणाबाहेर गेली किंवा माणूस अशक्त असला की बाधतात. ही कल्पना झांग यांच्या आधीची. त्यांनी काय केलं, तर थंडीची बाधा आधी कातडीपाशी असते आणि मग आत आत शिरते, असं मानून आजाराच्या सहा पायऱ्या ठरवल्या. घाम येतोय की नाही, थंडी वाजते की अंग भाजतंय, तहान किती, पोट साफ आहे का, हे सगळं बघून पायरी ओळखायची आणि मगच औषध. पहिल्याच पायरीवर कुणी जुलाब दिला तर आजार आत ढकलला जातो, असं त्यांनी बजावलं. चुकीच्या उपचाराने रोगी कसा बिघडतो, हे इतकं बारकाईने मांडणारा वैद्य त्या काळी विरळाच.

त्यांचा एक काढा ऐकून तुम्हाला घरचीच आठवण येईल. दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, आलं, ज्येष्ठमध, चिनी बोरं आणि पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं आणि अंग नुसतं ओलसर होईल इतकाच घाम येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागता कामा नयेत. ज्याच्या अंगातलं पाणी कमी होऊन पोट साफ होत नाही, त्याला कडक जुलाब न देता मध आटवून वळलेली कांडी वापरायला त्यांनी सांगितलं. गरोदरपण, बाळंतपण आणि बायकांची इतर दुखणी यांवर तर त्यांच्या लिखाणात वेगळी प्रकरणंच आहेत.

लोकांनी त्यांच्याभोवती गोष्टीही विणल्या. एका कडाक्याच्या थंडीत गरिबांचे कान गारठून फुटलेले पाहून त्यांनी मटण आणि उष्ण औषधं कणकेच्या पारीत भरली, कानाच्या आकाराच्या करंज्या केल्या आणि उकडून वाटल्या म्हणे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी अशा करंज्या आजही खातात. ते चांगशा इथे अधिकारी होते आणि कचेरीत बसूनच रोगी तपासत, असंही सांगतात. सरकारी इतिहासात मात्र त्यांचं चरित्रच नाही! इ. स. 219 च्या सुमारास ते गेले.

ग्रंथही विखुरला. पुढे वांग शूहे या राजवैद्यांनी त्यातला तापाचा भाग जुळवला, आणि 1065 मध्ये सोंग राजवटीत तो सरकारी देखरेखीखाली छापला गेला. त्यातले काढे आजही चीन आणि जपानमध्ये वापरात आहेत.

पण त्यांच्याच देशात वू यूशिंग या वैद्यांनी 1642 मध्ये लिहिलं, की साथीचा ताप थंडी-वाऱ्याने येत नाही, नाकातोंडावाटे शिरणाऱ्या वेगळ्याच विषारी तत्त्वामुळे येतो. आज आपल्याला जंतू ठाऊक आहेत, डास ठाऊक आहेत.

हे सांगायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका सुनेचा ताप घरच्यांनी पाच दिवस सर्दगरम म्हणून काढ्यावर काढला. रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला. पोरगी वाचली, पण थोडक्यात. झांग यांचा काढा आपण घरी करायचा नाही. शिकायचं ते त्यांचं बघणं. ताप कधी आला, कसा चढतो, लघवी होते का, माणूस पाणी पितो का, हे वहीत लिहा आणि वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. आपली माणसं गमावलेल्या त्या वैद्याने सगळी धडपड केली ती दुसऱ्यांची माणसं वाचावीत म्हणूनच ना?