तांड्यांचा नायक : संत सेवालाल महाराज

वाशीम : मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा भाविकांचा जनसागर लोटतो. महाराष्ट्राप्रमाणेच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे येथे येतात. बंजारा समाजाची काशी मानल्या जाणाऱ्या या गावात संत सेवालाल महाराजांची समाधी आहे.

परंपरेनुसार महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी आंध्रातील गुत्तीजवळ झाला. वडील भीमा नाईक तांड्याचे प्रमुख, तर आई धर्मणी. घरचा व्यवसाय लदेणीचा. बैलांच्या पाठीवर धान्य व मिठाच्या गोणी लादून दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचवायच्या, हा त्या काळातील प्रतिष्ठेचा व्यापार होता. मोगल, निजाम, मराठे व इंग्रज या सर्वांच्याच फौजांची रसद बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून असे.

जगदंबेचे उपासक असलेले महाराज आजन्म ब्रह्मचारी राहिले. तांड्यातांड्यांतून फिरून त्यांनी व्यसन, चोरी आणि आपसांतील कलह यांपासून समाजाला परावृत्त केले. विखुरलेल्या समाजाला त्यांनी एका सूत्रात बांधले.

उत्तरायुष्यात ते वऱ्हाडात आले. १८०३ मध्ये अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाला. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांच्याच धान्याचा आधार होता. त्यानंतर तीन वर्षांनी, ४ डिसेंबर १८०६ रोजी, महाराजांचे निर्वाण झाले, असे मानले जाते.

पुढे काळ फिरला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या लदेणीला उतरती कळा लागली. वनकायद्यांनी चराईवर बंधने आणली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरविले. हा कायदा पुढे इतर प्रांतांत लागू झाला आणि अनेक ठिकाणी बंजारा गटांचीही नोंद त्यात झाली. ज्यांच्या धान्यावर साम्राज्य उभे राहिले, तेच संशयित ठरले. कालचे व्यापारी मजूर झाले. आजही अनेक तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडतात.

हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, विषमता मात्र उरली. तीही राज्यागणिक निराळी. एकच बोली बोलणारा, एकाच समाधीपुढे नतमस्तक होणारा हा समाज तेलंगण व आंध्रात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या प्रवर्गात मोडतो. सीमेपलीकडच्या सोयऱ्याला मिळणारी सवलत अलीकडच्याला नाही. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, तरीही हा प्रश्न सुटला नाही. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेत अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी राज्यभर मोर्चे निघाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लदेणीचे वैभव तेथे जतन झाले आहे. ते वैभव ज्यांच्याकडून हिरावले गेले, त्यांच्या वंशजांना सर्वत्र समान न्याय मिळणे हेच महाराजांचे खरे स्मारक ठरेल.