मासेमारीची रील आडवी वळवणारे पीटर मॅलॉक

जुन्या फिशिंग रील जमवणाऱ्यांना मॅलॉक हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. स्कॉटलंडमधल्या पर्थ शहरात, टे नदीकाठी, पीटर मॅलॉक यांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. त्या काळी गळ लांब फेकला की गरगरणाऱ्या चाकावर दोरीचा गुंता ठरलेला. १८८४ मध्ये त्यांनी चाकच काटकोनात वळवलं. फेकताना चाक स्थिर, दोरी कडेवरून सुटणार. मग चाक सरळ करून ती गुंडाळायची. दोरीला पीळ मात्र पडायचा! ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ यांच्या स्पिनिंग रीलचं पेटंट १९०५ चं, म्हणजे बरंच नंतरचं. सॅल्मन माशावर पुस्तक लिहिणारे मॅलॉक १९२१ मध्ये वारले. त्यांची पितळी रील हाती लागलीच, तर घासून चकचकीत करू नका. संग्राहकांना ती जुनी काळपट झाकच हवी असते.