महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७ – १ जून १९४४) हे वास्तववादी शैलीत मनुष्याकृतिप्रधान चित्रे काढणारे मराठी चित्रकार, बोधचित्रकार आणि कलाशिक्षक होते.

जीवन

धुरंधरांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेव्हा शाळेचे प्रमुख होते. १८९५ मध्ये धुरंधरांना ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्रासाठी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढील वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. शाळेचे प्रमुखपद त्या काळी इंग्रज चित्रकारांकडेच असे. धुरंधरांना ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९३० मध्ये आणि तेही हंगामी स्वरूपात मिळाले. तरीही त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला होता.

बोधचित्रे

सी. ए. किंकेड यांनी श्रावणातील व्रतकथा इंग्रजीत आणल्या. त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकातील चित्रे धुरंधरांची आहेत. एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि ऑटो रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही पुस्तकेही त्यांनी सजविली. त्यांच्या पोस्टकार्डांतून मुंबईतील फेरीवाले, कामकरी आणि रस्त्यावरील प्रसंग, क्वचित विनोदी ढंगाने, घरोघरी पोहोचले. रेल्वेसाठी त्यांनी भित्तिपत्रकेही केली.

चित्रशैली

अचूक रेखांकन व अनेक व्यक्तींची सुबक मांडणी ही त्यांच्या चित्रांची वैशिष्ट्ये होत. नऊवारी लुगडे, पागोटे व दागिने यांतील बारकाव्यांमुळे ही चित्रे तत्कालीन वेशभूषेच्या अभ्यासालाही उपयुक्त ठरतात. पौराणिक प्रसंगांबरोबर शिवचरित्रातील घटनाही त्यांनी रंगविल्या. त्यांची काही चित्रे सातारा जिल्ह्यातील औंध येथील श्री भवानी संग्रहालयात आहेत.

वारसा

‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे त्यांचे आत्मकथन सर ज. जी. कलाशाळेच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या. छपाईसाठी केलेल्या कामामुळे धुरंधरांकडे काही काळ केवळ लोकप्रिय चित्रकार म्हणून पाहिले गेले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यांच्या विविधांगी कार्याचे एकत्रित दर्शन घडले.