पक्ष्यांच्या पायांतील कडी

डॉ. सलीम अली यांचे नाव निघाले म्हणजे छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची हकीकत बहुतेकांना आठवते. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपलेला आणि मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणारा हा मुलगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यासमोर उघडली आणि एका आयुष्याची दिशा ठरली. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. परंतु तिच्या गोडीत पुढची कितीतरी वर्षे झाकली जातात, आणि शिकविणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनी विचार करावा असे जे आहे, ते त्या वर्षांतच आहे.

१८९६ साली जन्मलेल्या या माणसापाशी विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. त्यापायी प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील जागा त्यांना मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून मिळालेली नोकरी, बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी रद्द झालेली. बेकारीच्या या काळात ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घराशेजारच्या सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळीत बसले. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव देऊन टाकले असले, तरी घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेले घरटे मादीने पसंत केले म्हणजेच तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणू लागतो, हा क्रम त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविला. कोणी अनुदान दिले नव्हते, कोणी अहवाल मागितला नव्हता. मेलेल्या पक्ष्याचे कातडे मोजण्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे वर्तन पाहावे, ही त्यांची दृष्टी येथे पक्की झाली.

या दृष्टीची परीक्षा पुढे एका रोगाने घेतली. १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला, तेव्हा गोचिडींवाटे पसरणारा हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. मग संशय गेला तो हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर. त्यांनीच अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणला असेल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने १९५९ पासून पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. पक्ष्यांनी रशियातून रोग आणल्याचा पुरावा काही हाती आला नाही. (माकडताप आपल्याच घाटात मुरलेला आहे, २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातही आढळला.) पण भरतपूरला कडे घातलेली बदके सोव्हिएत भूमीवर सापडू लागली आणि त्यांच्या वाटांचा नकाशा हळूहळू उमटू लागला. आरोपीची चौकशी करता करता त्याचे चरित्रच हाती लागावे, तसे हे झाले.

या कामाला पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाल्याचे उघड झाले, तेव्हा जंतुयुद्धाची शंका व्यक्त झाली आणि १९७० च्या दशकात प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. सलीम अलींना याचा मनस्ताप झाला. त्यांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारणाऱ्यांनाही चूक म्हणता येत नाही.

भरतपूरचा प्रश्न अधिक अवघड. एकेकाळी तेथील संस्थानिकांच्या पाहुण्यांनी १९३८ मध्ये एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले होते. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ कोरडी करून शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचविली. मात्र म्हशींच्या चराईने पक्ष्यांचे नुकसान होते असे त्यांचे ठाम मत होते, आणि राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद करण्यात आली. १९८२ मध्ये या बंदीविरुद्ध उठलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. चराईवाचून ज्यांचे चालत नव्हते, त्यांना पर्याय देण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

सोसायटीने तेथे १९८० पासून दहा वर्षांचा परिस्थितीशास्त्रीय अभ्यास हाती घेतला होता. सलीम अली २० जून १९८७ रोजी निवर्तले. अंतिम अहवाल त्यानंतर आला. म्हशी गेल्यावर पॅस्पालम नावाचे गवत उथळ पाण्यावर माजले होते, उघडे पाणी आटोपत चालले होते आणि बदकांनाच जागा उरत नव्हती. म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. ज्या संस्थेचा कणा सलीम अली होते, तिच्याच संशोधकांनी त्यांचे मत खोडून काढले, आणि ते छापले. थोर माणसाच्या मृत्यूनंतर त्याची चूक झाकण्याची आपल्याकडील रीत पाहता याचे मोल मला त्यांच्या पद्मविभूषणाहून मोठे वाटते. अर्थात गोळीने मेलेल्यांना या दुरुस्तीचा उपयोग नव्हता.

त्याच दशकात सोसायटीच्या एका संशोधकाने भरतपूरची गिधाडांची घरटीही मोजून ठेवली होती. गिधाडे तेव्हा इतकी मुबलक होती की ती कशाला मोजायची, असे कोणालाही वाटले असते. १९९० च्या दशकात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा झाडे रिकामी होत चाललेली दिसली. जुने आकडे नसते तर हा ऱ्हास किती मोठा, हे सांगताच आले नसते. कारण सापडायला २००४ उजाडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आणली. भरतपुरातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वीण तोवर थांबलेली होती.